मास्क काढा म्हणे! डायव्हिंग शिकतानाचे तुमचे अनुभव सांगा

खारीवाट
डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स अर्धा झालाय. थिअरी झाली, परीक्षा झाली, पूलमधली जवळजवळ सगळी स्किल्स झाली, रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं यंत्र) तोंडातून काढून हाताने शोधून परत घालणं, बडीच्या (जोडीदार डायव्हरच्या) जास्तीच्या रेग्युलेटरमधून श्वास घेणं, पाण्यात बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) काढून परत चढवणं, सगळं. आणि एका ठिकाणी गाडं अडलंय. पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, एक मिनिट तसंच श्वास घेत थांबायचं, मग परत घालून नाकाने हवा सोडून आतलं पाणी बाहेर ढकलायचं. मास्क थोडा भरून रिकामा करणं जमतं. पूर्ण काढला की संपलं.

पोहायला चांगलं येतं मला, पाण्याची भीती कधीच नव्हती, म्हणूनच जास्त चिडचिड होतेय. तोंडात रेग्युलेटर आहे, हवा येतेय, हे डोक्याला कळतंय पण नाकाला पाणी लागलं की आतून कुणीतरी ओरडतं की वर पळ, आणि मी पळते. उभं राहिलं की डोकं बाहेर येईल एवढंच पाणी होतं म्हणून निभावलं. इन्स्ट्रक्टर बिचारा शांत आहे, म्हणाला थोडे दिवस जाऊ दे, परत ये.

इथे डायव्हिंग करणारे बरेच दिसतात. तुम्ही कुठे अडकला होतात? कसे सुटलात? आणि नुसत्या शिकतानाच्या आठवणी असतील तरी लिहा, वाचून जरा धीर येईल.

गंमतजंमत
सतरंजी अंथरून बसलो आहे. मला मिशी आहे त्यामुळे मास्क न काढताच आत पाणी असतं, आपोआप प्रॅक्टिस. :)

बुडबुडा
माझंही घोडं तिथेच पेंड खात होतं, तेव्हा सविस्तर लिहितो.

आधी एक, हा पाण्याच्या भीतीचा प्रश्नच नाहीये, नाकाचा आहे. आपण आयुष्यभर नाकाने श्वास घेतो. मास्क नाक बंद करून टाकतो म्हणून तोंडाने श्वास घेणं आपोआप होतं, तुम्ही काही शिकलेल्या नसता, मास्कनेच ते काम केलेलं असतं. मास्क निघाला की नाक मोकळं झालं आणि ते आपलं जुनं काम सुरू करतं. नाकातोंडात पाणी जातं ते असं. पट्टीच्या पोहणाऱ्यांना उलट जास्त त्रास होतो असं मी पाहिलंय, कारण पोहताना तोंड पाण्यात असलं की श्वास घ्यायचाच नाही ही सवय हाडात भिनलेली असते आणि इथे नेमकं उलट सांगतात.

मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. टाकी, बीसीडी काही नको. उथळ पाण्यात उभं राहायचं, फक्त स्नॉर्केल (वरची हवा घ्यायची नळी) तोंडात, मास्क नाही, वाकून चेहरा पाण्यात. तोंडाने आत, नाकाने बाहेर. नाकातून बुडबुडे येत आहेत तोवर पाणी आत येऊच शकत नाही, तो रस्ता हवेने अडवलेला आहे. सुरुवातीला दोन-तीन श्वासांत डोकं वर येईल, येऊ दे. कुणाची घाई नाही. पूल नसेल तर घरी बादलीत पण होतं, घरचे हसतील ते सहन करायचं.

मग तोंडाने आत आणि तोंडानेच बाहेर, नाकाला काहीच काम नाही, हा पुढचा टप्पा. हे जमलं की नाक आणि तोंड वेगवेगळं वागवता येतं हे शरीराला पटतं. आणि मास्क नसताना चेहरा किंचित खाली ठेवायचा. वर बघितलं की पाणी सरळ नाकपुडीत. मास्क परत घालून पाणी काढताना मात्र वरची कड बोटांनी दाबून हळूहळू वर बघायचं, म्हणजे पाणी खालच्या कडेने निघतं. ही दिशांची अदलाबदल कुणी नीट सांगत नाही.

मासोळी
बुडबुडा यांना अनुमोदन. मी इन्स्ट्रक्टर नाही, डाइव्हमास्टर आहे, पूल सेशनला मदतनीस म्हणून असते, त्यामुळे हे दृश्य भरपूर बघितलंय. खारीवाट, तू एकटी नाहीस, प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी याच स्किलवर थांबतं.

आता हे करायलाच का लावतात ते सांगते, कारण कारण कळलं की थोडं सोपं जातं. समुद्रात मास्क पूर्ण निघून जायची वेळ फार कमी येते. कुणाचा तरी फिन (पायात घालायचं वल्हं) चेहऱ्यावर बसतो, पट्टा सुटतो, एवढंच. पण निघाला तर माणूस काय करतो हे महत्त्वाचं. तू जे केलंस, वर पळणं, ते पूलमध्ये चालतं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर हवा घेतली आणि श्वास धरून वर आलीस तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसं काही दुप्पट होत नाहीत. शिवाय धोका फक्त खोलवर आहे असंही नाही. दाबाचा फरक वरच्या थरात सगळ्यात वेगाने होतो, त्यामुळे भरलेल्या फुप्फुसांनी एक-दीड मीटर वर येण्यानेही इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच घोषा, श्वास कधीही धरू नका. मास्क काढणं हे मुळात मास्कबद्दल नाहीच, चेहऱ्यावर पाणी असताना तू जागेवर थांबतेस की नाही हे बघणं आहे.

आणि तुला पायऱ्या करून दिल्या का? चतुर्थांश भर, मग अर्धा, मग डोळ्यांवर, मग पूर्ण भरून तसंच घालून दहा श्वास, मग काढणं. पूर्ण भरलेला मास्क घालून बसणं आणि मास्क नसणं यात नाकाच्या दृष्टीने काही फरक नाही, पण मनाला फार फरक पडतो. तिथे जरा जास्त वेळ काढ.

तळठोक
माफ करा पण मूळ दुखणं कोर्समध्येच आहे. तीन-चार दिवसांत माणूस डायव्हर. सगळ्यांना वजनं जास्त बांधायची म्हणजे तळाला घट्ट बसतील, ओळीने गुडघ्यावर बसवायचं, एकेकाकडे बोट दाखवलं की त्याने स्किल करायचं, झालं, पुढे. मी शिकलो तिथे हेच होतं. मग समुद्रात गेलो तर गुडघे टेकायला जागाच नाही, खाली प्रवाळ, त्यावर बसलं तर ते मरतं. म्हणजे जे शिकलो ते जिथे वापरायचं तिथे करताच येत नाही!

मास्क क्लिअर करताना तरंगत, आडवं राहून करता यायला पाहिजे. गुडघ्यावर बसलेल्या माणसाला वाटतं तळ म्हणजे सुरक्षित जागा, आणि तळ नसला की गडबडतो. पहिल्या तासापासून तरंगतच शिकवा असं आता बरेच इन्स्ट्रक्टर म्हणतात आणि करतातही. १९५३ पासून चालू असलेल्या ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लबसारख्या ठिकाणी लोक क्लबमध्ये येत-जात, हप्त्याहप्त्याने शिकायचे. आता सुट्टीत कोर्स उरकायचा असतो.

जुनाखलाशी
तळठोक, आपला मुद्दा निम्मा मान्य. मात्र जुना काळ फार सोनेरी होता असं कुणी समजू नये, मी त्यातला आहे.

आम्ही शिकलो तेव्हा मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ बघून अजून किती थांबता येईल ते सांगणारा) नव्हता. घड्याळ, खोलीमापक आणि प्लास्टिकचा तक्ता. पाडी या प्रशिक्षण संस्थेचा १९८८ चा तक्ता बराच काळ सगळ्यांच्या पाठ असे, जास्तीत जास्त १८ मीटरला ५६ मिनिटं, ३० मीटरला २०, ४० ला फक्त ९. दुसऱ्या डाइव्हचं गणित बोटीवर बसून पेन्सिलीने करायचं, ओल्या हातांनी, आणि बोट हलत असताना. हे तक्ते ज्या विचारावर उभे आहेत (दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडू द्यायचा) तो शास्त्रज्ञ हाल्डेन यांचा, १९०८ चा, आणि त्यासाठी त्यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले होते. थिअरीच्या वर्गात आमचं सगळ्यांचं लक्ष त्या बकऱ्यांनीच वेधून घेतलं होतं, नायट्रोजन राहिला बाजूला.

वर येण्याचा वेग तेव्हा मिनिटाला १८ मीटरपर्यंत चालेल असं शिकवत. आज बहुतेक ठिकाणी ९ सांगतात. तो १८ चा आकडा सुद्धा कुठल्या प्रयोगातून आलेला नव्हे. अमेरिकन नौदलात जड शिरस्त्राण घालणारे पाणबुडे सावकाश वर येत आणि फिन्सवाल्यांना भराभर यायचं असे, दोघांची मधली तडजोड म्हणून ठरलेला. आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबण्याची (सेफ्टी स्टॉपची) जी पद्धत आज सगळे डोळे झाकून पाळतात, ती मी शिकलो तेव्हा कुणी सक्तीने करायला लावत नसे. तेव्हा आजचा कोर्स आखूड असेल पण पुष्कळ गोष्टींत शहाणा आहे.

बाकी धाक मात्र होता. सुरुवातीचे बरेच शिक्षक सैनिकी पठडीतले, त्यांना पाण्याखाली विद्यार्थ्याचा मास्क न सांगता ओढण्यात, हवा बंद करण्यात काय शिकवल्याचं समाधान वाटे कोण जाणे. त्याने माणूस शिकत नाही, फक्त टिकतो. जे टिकले नाहीत त्यांच्याबद्दल कुणी विचारलं नाही.

कासवगती
मास्कवाल्यांनो माझं दुःख ऐका, माझं सगळं झालं होतं, मास्क काय घेऊन बसलात मी डोळे मिटून पूलभर फिरलो असतो, पण कान!! पूलमध्ये काही वाटलं नाही आणि समुद्रातल्या पहिल्या डाइव्हला दोरी धरून खाली जायला लागलो तर जेमतेम माझ्या उंचीएवढा खाली गेलो असेन आणि कानात जी कळ आली की बस, बाकीचे तिघं माझ्या देखत खाली खाली जाऊन बसले आणि मी दोरीला लटकलेला, थोडा वर, नाक दाबून फू, थोडा खाली, परत कळ, परत वर, इन्स्ट्रक्टर खालून हात हलवतोय की सावकाश, आणि मला वाटतंय की माझ्यामुळे सगळ्यांची हवा संपतेय. शेवटी डावा उघडला आणि उजवा बसलेलाच. त्या दिवशी वरच्या वरच राहिलो. दुसऱ्या दिवशी डोकं वर आणि पाय खाली अशा अवस्थेत, प्रत्येक हाताएवढ्या अंतरावर कान उघडत गेलो तेव्हा पोचलो. आयडी उगाच नाही घेतला.

कर्णपिशाच्च
कान-नाक-घसा हाच धंदा असल्याने आणि डायव्हिंगही करत असल्याने लिहिणं भाग आहे.

कासवगती, तुमच्या कानात काही बिघाड नव्हता. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, पुढच्या दहा मीटरमध्ये दीडपटच. म्हणजे कानांवर सगळ्यात जास्त ताण पहिल्या काही मीटरमध्ये येतो, जिथे नवीन माणूस बाकी शंभर गोष्टींत गुंतलेला असतो. मधल्या कानापासून घशापर्यंत एक बारीक नळी जाते, ती एरवी मिटलेली असते. बाहेरचा दाब वाढला की ती अधिकच मिटते. म्हणून कळ येण्याच्या आधी, पाण्यात शिरल्या शिरल्या, अगदी पृष्ठभागावरच एकदा कान उघडायचे आणि मग दर मीटरला तरी. कळ आल्यावर जोर लावून फुंकणं म्हणजे मिटलेल्या दारावर धक्के मारणं, वर सरकून दाब कमी करायचा आणि मग पुन्हा. तुम्ही नेमकं तेच केलंत. पाय खाली ठेवणंही बरोबर, डोकं खाली असलं की तिथे रक्त साचून नळीचं तोंड सुजतं.

नाक दाबून फुंकायच्या पद्धतीला वाल्साल्व्हा म्हणतात. अजून एक आहे, फ्रेंझेल, त्यात छातीतून जोर न लावता जिभेचा मागचा भाग वर ढकलून हवा दाबतात. शिकायला जरा किचकट पण कानांना फार सौम्य. नाक दाबून गिळणं हाही सोपा उपाय.

आणि कळकळीचं सांगणं, सर्दी असताना डाइव्ह नको. नाक मोकळं करायचं औषध घेऊन खाली जाणारे भेटतात. खाली असताना औषधाचा जोर ओसरला तर वर येताना आतली हवा बाहेर पडत नाही आणि वर येणं तर तुम्ही टाळू शकत नाही. कोर्सच्या आधी जो तब्येतीचा फॉर्म भरून घेतात त्यात दमा, हृदय, कान याबद्दल विचारतात, तिथे खोटं लिहू नका, डॉक्टरची सही लागली तर लागली.

चष्मेबहाद्दर
वाचतोय. एक बाळबोध शंका. मला चष्म्याशिवाय समोरचा माणूस ओळखू येत नाही. कोर्स करू शकतो का? मास्कच्या आत चष्मा बसत नाही असं ऐकलंय.

मासोळी
चष्मा नाही बसत, काड्यांमुळे कडेने पाणी येतं. नंबरच्या काचा लावलेले मास्क मिळतात. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स घालूनही बरेच जण उतरतात, फक्त मास्क काढायच्या स्किलला डोळे घट्ट मिटायचे नाहीतर लेन्स वाहून जाते. शिवाय मास्कमधून पाण्यात सगळं एक तृतीयांशाने मोठं आणि चतुर्थांशाने जवळ दिसतं, त्यामुळे बारीक नंबरवाल्यांचं काही न लावताही भागतं. म्हणूनच वर येऊन सगळे मासा केवढा होता ते हात पसरून दाखवतात ते तितकंसं खोटं नसतं.

नवीन मास्कवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो घासून काढल्याशिवाय कितीही थुंका, धुकं धरणारच. हो, थुंकूनच पुसतात. पहिल्यांदा सगळ्यांना शिसारी येते.

निवांतपाणी
मला स्किल्सचं काही आठवत नाही फारसं, सगळं धावपळीत झालं. आठवतो तो आवाज. लोक म्हणतात समुद्राखाली शांतता असते. कसली शांतता! आत घेताना सूं, सोडताना बुडबुड्यांचा खडखडाट, आणि सगळीकडून काहीतरी कडकड चालू असतं. वरून बोट गेली की वाटतं अगदी डोक्यावरूनच चाललीय. पाण्यात आवाज हवेच्या साधारण चौपट वेगाने जातो म्हणून दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच पोचतो आणि दिशा कळत नाही. इन्स्ट्रक्टर टाकीवर टकटक करायचा आणि आम्ही सगळे गोल फिरून त्याला शोधायचो.

दुसरं म्हणजे घशाची कोरड. टाकीतली हवा अगदी कोरडी असते, आजूबाजूला पाणीच पाणी आणि आपण तहानलेले. आणि थंडी! पाणी कोमट वाटलं म्हणून मी पातळ सूट घातला, अर्ध्या तासाने दात वाजायला लागले. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं हे पुस्तकात वाचलं होतं पण पुस्तकात थंडी वाजत नाही ना.

लाल रंग गायब होतो हे मात्र कुणी सांगूनही खरं वाटलं नव्हतं. माझे फिन्स लाल होते. खाली गेल्यावर मळकट तपकिरी. मी दोनदा वाकून बघितलं की हे माझेच का.

आणि एकदा, शेवटच्या डाइव्हला बहुतेक, काहीही न करता मी नुसता थांबलो होतो. वर नाही खाली नाही. हात हलत नव्हते. ते काही सेकंदच टिकलं पण त्यासाठीच मी परत परत जातो.

बुडबुडा
निवांतपाणी, ते शेवटचं फार भारी. बॉयन्सी (वर-खाली न होता तरंगत राहणं) हीच खरी शिकायची गोष्ट, बाकी सगळी तयारी.

नवीन लोकांसाठी, श्वास आत घेतला की लगेच वर जात नाही, थोड्या वेळाने जातो. गीझरचा नळ फिरवला तरी गरम पाणी यायला वेळ लागतो, मग आपण अजून फिरवतो आणि मग चटका, तस्संच. वर जातोय असं कळेपर्यंत उशीर झालेला असतो, मग घाबरून बीसीडीतली सगळी हवा सोडतो आणि दगडासारखे खाली. अख्खी पहिली डाइव्ह लिफ्टसारखी जाते. उपाय एकच, बटणांना कमी हात लावायचा, श्वास लांब आणि सावकाश आणि वजनं योग्य.

वजनांचं तळठोक म्हणाले ते शंभर टक्के खरं. टाकी जवळजवळ रिकामी असताना, बीसीडीत हवा नाही, छातीत नेहमीएवढा श्वास, आणि पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं तर वजन बरोबर. टाकी रिकामी का, तर भरलेल्या टाकीतल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या आसपास असतं आणि डाइव्हच्या शेवटी ते गेलेलं असतं. त्याचा हिशोब आधी नाही केला तर ५ मीटरवर थांबायच्या वेळी फुग्यासारखे वर.

तळठोक
हेच. हेच म्हणतोय मी. हे कोर्समध्ये नीट करून घेत नाहीत.

जुनाखलाशी, तुमचा सेफ्टी स्टॉपचा मुद्दा मान्य, पण एक सांगा, तक्ते हाताने केल्यामुळे नायट्रोजनचं काय होतंय ते तुम्हाला समजत होतं ना? आता मनगटाकडे बघतात, हिरवं आहे म्हणजे ठीक. बॅटरी गेली की?

जुनाखलाशी
बॅटरी गेली तर डाइव्ह संपवून वर यायचं, एवढंच. तक्त्यात चुका आम्ही कमी केल्या नाहीत, फक्त त्या पेन्सिलीने केल्या. तक्ता धरतो की तुम्ही सगळा वेळ सगळ्यात खोल जागीच होता, कॉम्प्युटर प्रत्यक्ष जिथे होता तिथलं मोजतो. मला विचाराल तर कॉम्प्युटर वापरा पण तक्ता एकदा तरी हाताने सोडवा.

पैलतीर
थोडा वेगळा सूर. मी कोर्स सोडला. मास्क जमला होता, कान ठीक होते, पण समुद्रात उतरल्यावर खाली निळं दिसत होतं आणि त्याला तळ नव्हता, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. भीती म्हणजे थरथर वगैरे नाही, फक्त इथे मला असायचं नाहीये असं स्पष्ट वाटलं. हात आडवा हलवून काहीतरी गडबड आहे अशी खूण केली, मग अंगठा वर केला. (अंगठा वर म्हणजे छान नव्हे, वर चला, हे एव्हाना सगळ्यांना माहीत असेल.) इन्स्ट्रक्टरने एकही प्रश्न न विचारता वर आणलं. कुठलीही डाइव्ह कुणीही केव्हाही कारण न देता थांबवू शकतो हा नियम मला सगळ्या कोर्समध्ये सगळ्यात जास्त आवडला आणि मी तो वापरला. आता स्नॉर्केलिंग करते, वरून सगळं दिसतं, मजेत आहे. माझा नवरा खाली जातो, त्याचे बुडबुडे वर येताना फार सुंदर दिसतात.

खारीवाट, तुला जमेल असं सगळे म्हणतायत आणि जमेलच, पण नाही जमलं तरी आभाळ कोसळत नाही.

गंमतजंमत
पैलतीर +१. आमच्याकडे नवराबायको एकमेकांचे बडी होऊन खाली गेले होते, तिथे भांडताही येत नाही, दोघं नुसते हातवारे, वर आल्यावर अर्धा तास अनुवाद चालला.

मासोळी
अवांतर नाही हो ते, शिकताना शक्यतो घरचा माणूस बडी नको असं मीही सांगते. आपण कसे आहोत यापेक्षा तो कसा आहे याकडेच लक्ष राहतं, नाहीतर तो बघून घेईल म्हणून आपण स्वतःची हवाही तपासत नाही. दहा मीटरवर दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट हवा लागते, त्यात घाबरलेला माणूस आणखी ओढतो. २०० बारची (बार हे दाबाचं माप) टाकी एकाला तासभर पुरते आणि शेजारच्याला पंचवीस मिनिटं. यात लाज काही नाही, ५० बार उरताना वर असायचं हे दोघांनी पाळायचं.

खारीवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, मी प्रत्येक प्रतिसाद वाचलाय, काही तर पुन्हा पुन्हा.

बादली केली. घरचे हसले. बुडबुडा, नाकाने बुडबुडे सोडत राहायचं हे जे सांगितलंत ना तिथेच फरक पडला, मी आधी नाक आतून आवळून धरत होते आणि तेवढ्यासाठी श्वासही थांबत होता, आणि श्वास थांबला की घाबरायला होत होतं. म्हणजे उलटं चाललं होतं सगळं. मग काल पूलमध्ये गेले, इन्स्ट्रक्टरला मासोळीची पायऱ्यांची कल्पना सांगितली, तो म्हणाला चल तसं करू. भरलेला मास्क घालून बसले. बसलेच. मनात गुणगुणत होते, ते आपोआप नाकातून बाहेर येत होतं. मग मास्क काढला आणि त्याच्या हातात दिला. मिनिट फार मोठं असतं हो. त्याने माझ्या दंडावर हात ठेवला होता, त्याचा आधार वाटला. घालताना पट्टा केसात अडकला आणि तरी वर आले नाही!!

नंतर परत एकदा करायला लावलं, या वेळी तरंगत. तळठोक, खूश? वाकडी झाले, अर्धवट पालथी, पण झालं.

आता समुद्रातल्या डाइव्ह राहिल्यात. खाऱ्या पाण्यात डोळे उघडे ठेवले तर फार झोंबतं का? आणि ते हवा संपली असं समजून वर येताना सगळा वेळ आऽऽ करत यायचं असतं त्याची धास्ती आहे, एका श्वासात एवढं अंतर कसं पुरतं?

तळठोक
खूश. आडवी व्हायला शिक आता.

बुडबुडा
वा! अभिनंदन.

त्या आऽऽ चं असं आहे की तो एक श्वास तिथे पुरतो कारण वर येताना आतली हवा फुगत जाते. तू सोडत राहतेस आणि ती वाढत राहते. अर्ध्या वाटेवर वाटतं संपली आणि तरी येतच राहते, अजब प्रकार आहे. सहा ते नऊ मीटर असतं, इन्स्ट्रक्टर सोबत असतो, रेग्युलेटर तोंडातच असतो. जोरात ओरडायचं नाही, बारीक आवाज पुरे.

मासोळी
अगं मस्तच! डोळे थोडे झोंबतात, पण वाटतं तेवढं नाही, मिटून केलंस तरी चालतं. समुद्रात हेच स्किल पूलपेक्षा सोपं गेलं असं बरेच जण सांगतात, तोवर नाकाची सवय झालेली असते. लाट असेल त्या दिवशी बोटीवर तयारीत वेळ घालवू नकोस, मळमळ तिथे होते, पाण्याखाली नाही.

चष्मेबहाद्दर
खारीवाट, अभिनंदन! तुमचं वाचून मीही चौकशी केली. पोहण्याची परीक्षा असते असं कळलं, २०० मीटर? मी एवढं एका दमात कधी पोहलो नाही.

मासोळी
२०० मीटर न थांबता, कुठल्याही प्रकाराने, वेळेचं बंधन नाही. किंवा मास्क, फिन्स, स्नॉर्केल लावून ३०० मीटर. आणि दहा मिनिटं तरंगून दाखवायचं. सावकाश ब्रेस्टस्ट्रोक मारत गेलात तरी चालतं. आधी नुसती चव घ्यायची असेल तर एक दिवसाचा प्रकार असतो, त्यात इन्स्ट्रक्टर धरून नेतो, १२ मीटरपेक्षा खाली नेत नाहीत आणि पोहता यावंच असं नसतं. पण त्याने डायव्हर होत नाही.

चष्मेबहाद्दर
धन्यवाद. आणि कोर्स संपल्या संपल्या परतीचं विमान आहे, शेवटच्या दिवशी दुपारी डाइव्ह आणि रात्री उड्डाण असं बसतंय वेळापत्रकात. चालेल?

जुनाखलाशी
नाही चालणार. एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, आणि कोर्समध्ये असतात तशा लागोपाठच्या दिवसांत अनेक डाइव्ह असतील तर १८ तास उड्डाण नको. अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात दाब कमी असतो. शेवटच्या डाइव्हनंतर निदान अख्खा एक दिवस मोकळा सोडा. उंच डोंगरावर गाडीने जाणार असाल तरी इन्स्ट्रक्टरला आधी विचारा.

चष्मेबहाद्दर
बरं झालं विचारलं, तिकीट अजून काढलं नव्हतं.